पुण्याचा संघ कुठला?

मुंबईहून द्रुतगती मार्गानं पुण्याला निघालं, की घाट चढून लोणावळा मागे पडतं आणि पुणं अजून यायचं असतानाच गहुंज्याचं स्टेडियम दिसतं. म्हणजे पुण्याचं मोठं क्रिकेट मैदान पुण्याच्या अलीकडे, मुंबईच्या वाटेवर. मुंबईकराला यात सोय दिसते. पुणेकर म्हणतो, पाहुण्यांना गावात शिरू न देता बाहेरच्या बाहेर परत पाठवायची ही व्यवस्था आहे. दोघंही हसत बोलतात, पण मनापासून बोलतात.

एकाच राज्यातले दोन संघ आणि त्यांचे समर्थक, हा खेळांच्या दुनियेतला मोठा मजेदार प्रकार. दुसऱ्या देशाचा संघ परका असतो, दुसऱ्या राज्याचा पाहुणा असतो. आपल्याच राज्यातला दुसरा संघ मात्र भाऊबंद, आणि भाऊबंदकीला आपल्याकडे वेगळं प्रशिक्षण लागत नाही. भाषा एक, सण एक, लग्नसंबंध एकमेकांत. म्हणून हरल्यावर टोमणा बरोबर वर्मी बसतो आणि तो मारणारा बहुतेकदा घरातलाच असतो.

महाराष्ट्रात या भाऊबंदकीचं सगळ्यात जुनं मैदान रणजी करंडकाचं. पु. लं.नी मराठी माणसापुढे तीन पर्याय ठेवले होते: मुंबईकर, पुणेकर किंवा नागपूरकर. रणजीत आपल्या राज्याचे संघही नेमके तीनच आहेत: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. यातला ‘महाराष्ट्र’ हा शब्द बाहेरच्यांना हमखास चकवतो. या महाराष्ट्रात मुंबई नाही, नागपूर नाही. पुणे, नाशिक, कोल्हापूर, रत्नागिरी, संभाजीनगर आहे. पालघरचा शार्दूल ठाकूर मुंबईकडून खेळतो. नागपूरचा मुलगा महाराष्ट्रात राहत असून ‘महाराष्ट्रा’चा खेळाडू नसतो. आणि आणखी एक गंमत. महाराष्ट्र राज्य 1960 सालचं. महाराष्ट्राचा रणजी संघ त्याच्या पाव शतक आधीचा. राज्य होण्याआधीच त्या नावानं मुंबईशी भांडण सुरू झालं होतं.

सुरुवातीला या भांडणात पुण्याकडे वजन होतं, हे आज सांगावं लागतं. 1939-40 मध्ये महाराष्ट्रानं पुण्यातच अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताला हरवून करंडक घेतला आणि पुढच्या वर्षी तो राखला. कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर. पेशा संस्कृत शिकवण्याचा आणि वय पन्नाशीला टेकलेलं. 1940-41 मध्ये मुंबईविरुद्ध त्यांनी 246 धावा काढल्या. संस्कृतच्या प्राध्यापकानं मुंबईच्या गोलंदाजांना रूपं पाठ करायला लावावीत तशी ती खेळी. पुणेकरांच्या आठवणीत ती अजून असायला हवी, पण पुण्यातही आता देवधर म्हटलं की करंडक आठवतो, माणूस नाही.

मुंबईनं त्याची परतफेड केली ती पुण्यात येऊन. 1948-49 चा उपांत्य सामना, 5 ते 11 मार्च 1949. मुंबईच्या पहिल्या डावात 651, त्यात माधव मंत्री यांच्या 200. महाराष्ट्राच्या 407. एवढी आघाडी असताना आजचा कर्णधार समोरच्याला फॉलोऑन देऊन मोकळा झाला असता. मुंबई पुन्हा फलंदाजीला उतरली आणि 8 बाद 714 वर डाव घोषित केला. मग महाराष्ट्रानं चौथ्या डावात 604 केल्या. एकूण धावा 2376, बळी 38, शतकं नऊ. उदय मर्चंट, दत्तू फडकर आणि महाराष्ट्राचे रेगे, तिघांचीही दोन्ही डावांत शतकं. 604 करूनही महाराष्ट्र 354 धावांनी हरला. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात याहून जास्त धावा जगात कुठेही झालेल्या नाहीत.

मुंबईच्या खेळाला ‘खडूस’ हे विशेषण चिकटलंय त्याचा अर्थ समजून घ्यायचा असेल तर तो 714 चा आकडा पाहावा. सामना जिंकायला तो लागत नव्हता. समोरच्याला परत उभं राहू द्यायचं नाही, यासाठी लागत होता. मुंबईकर हे कौतुकानं सांगतो, पुणेकर तक्रारीच्या सुरात. शब्द मात्र दोघांचा एकच.

त्यानंतर मुंबईनं करंडकावर करंडक नेले आणि महाराष्ट्राच्या वाट्याला 1941 नंतर एकही आला नाही. अधूनमधून सुखाचे क्षण आले. जानेवारी 2014 मध्ये उपांत्यपूर्व फेरीत महाराष्ट्रानं वानखेडेवर जाऊन मुंबईला आठ गडी राखून हरवलं. केदार जाधव शतक काढून नाबाद राहिला. पुण्यात त्या दिवशी पेढे वाटले नसतील तर तो कंजूषपणा झाला. अलीकडे मुंबईसमोर खरा उभा राहिला तो विदर्भ. मार्च 2024 चा अंतिम सामना वानखेडेवर या दोघांतच झाला. 538 च्या पाठलागात विदर्भानं 368 केल्या, मुंबईला 42 वा करंडक मिळाला. पुढच्याच मोसमात नागपूरला उपांत्य सामन्यात विदर्भानं मुंबईला 80 धावांनी हरवून हिशेब चुकता केला आणि करंडकही जिंकला. 2025 मध्ये पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे गेला आणि गहुंज्याच्या सराव सामन्यात त्यानं मुंबईविरुद्ध 181 केल्या. सामना साधा सरावाचा, पण चर्चा घाटाच्या दोन्ही बाजूंना झाली.

एवढं सगळं असून रणजीच्या सामन्याला माणसं किती येतात? रिकाम्या स्टँडमध्ये पेपर वाचत बसलेले चार निवृत्त गृहस्थ आणि कॉलेज बुडवून आलेली पोरं. वैर जुनं, पण ते पाहायला कोणी नाही. समर्थक नावाची जमात, म्हणजे टीशर्ट घालणारी, तोंड रंगवणारी, हरल्यावर दोन दिवस न जेवणारी, ती व्यावसायिक लीगबरोबर आली. आणि तिथे पुण्याचं नशीब फिरलं.

2010 मध्ये सहारा समूहानं आयपीएलचा पुण्याचा संघ 37 कोटी डॉलरना घेतला. तोवर लीगमधली ती सगळ्यात मोठी बोली. संघाचं नाव पुणे वॉरियर्स. आणि 2011 च्या पहिल्या मोसमात या पुण्याच्या संघाचं घरचं मैदान कुठलं? नवी मुंबईतलं डी. वाय. पाटील. गहुंजे तयार नव्हतं, म्हणून पुण्याचा संघ खाडीपलीकडे मुंबईच्या दारात बिऱ्हाडाला राहिला. पुणेकरांनी संघावर जीव टाकावा तर तो जाऊन मुंबईत खेळतो. 2012 मध्ये गहुंज्याला सामने सुरू झाले. त्या वर्षी वानखेडेवर पुण्यानं मुंबईला 28 धावांनी हरवलं आणि 3 मे रोजी गहुंज्याला मुंबईनं 120 धावा करून पुण्याला 119 वर रोखलं. एका धावेनं. हा एक लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

त्याच आठवड्यात, 5 मे 2012 ला, पुण्याचा संघ ईडन गार्डन्सवर गेला आणि तिथे कोलकात्याचं अर्धं मैदान पुण्याच्या बाजूनं ओरडत होतं. कारण पुण्याचा कर्णधार सौरव गांगुली होता. पुण्याच्या संघाला गहुंज्याबाहेर मिळालेला सगळ्यात मोठा पाठिंबा असा बंगाली होता. हे वाचून पुणेकरांना वाईट वाटू नये. संघ शहराचा होण्याआधी माणसाचा असतो, तसंच हे. मात्र पुण्याचा तो संघ शहराचा होईपर्यंत टिकलाच नाही. 2013 मध्ये पैशाच्या वादात सहारानं काढता पाय घेतला आणि वॉरियर्सचा खेळ तीन मोसमांत आटोपला.

2016 मध्ये चेन्नई आणि राजस्थान यांच्या बंदीमुळे दोन जागा रिकाम्या झाल्या आणि पुण्याला पुन्हा संघ मिळाला, मुदत दोन वर्षं. नाव रायझिंग पुणे सुपरजायंट्स, मालक कोलकात्याचे संजीव गोयंका, कर्णधार रांचीचा धोनी. पहिलाच सामना वानखेडेवर, आणि पुण्यानं मुंबईला नऊ गडी राखून हरवलं. मग दुष्काळ आला. मैदानावर पाणी ओतण्याचा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि 30 एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायचा आदेश झाला. अपवाद केला एका सामन्याचा: 1 मे, महाराष्ट्र दिन, गहुंजे, पुणे विरुद्ध मुंबई. तो मुंबईनं जिंकला. त्यानंतर दोन्ही संघांनी आपापलं बिऱ्हाड हलवलं ते एकाच गावी, विशाखापट्टणमला. जन्मभर भांडलेल्या दोन भावांना एका खोलीत राहायची वेळ यावी, तसं.

2017 चा मोसम मात्र खरोखर या वैराचा होता. पुण्यानं मुंबईला त्या मोसमात तीनदा हरवलं: एकदा गहुंज्याला, दोनदा वानखेडेवर, त्यातला एक पात्रता फेरीचा सामना. आणि 21 मे रोजी हैदराबादला अंतिम सामन्यात पुन्हा तेच दोघं समोरासमोर. त्या पुण्याच्या संघात डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे होता, पालघरचा शार्दूल होता. पुण्याचा म्हणावा असा राहुल त्रिपाठी होता. दहा लाखांत घेतलेल्या या पोरानं मोसमात 391 धावा केल्या होत्या.

तो सामना मी ठाण्यात पाहिला, आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला सदाशिव पेठेत माझा मामेभाऊ होता. मुंबईची 7 बाद 79 अशी अवस्था असताना त्याचे फोन दर दोन षटकांनी येत होते. “अरे जेवलास का? नाही, म्हटलं मुंबईत आज चूल पेटली असेल की नाही!” मुंबईनं कशाबशा 129 केल्या. पुण्याला शेवटच्या षटकात 11 हव्या होत्या, गोलंदाज मिचेल जॉन्सन. पहिल्या चेंडूवर मनोज तिवारीचा चौकार. फोन आला, पलीकडे नुसता आरडाओरडा. दुसऱ्या चेंडूवर तिवारी बाद. तिसऱ्यावर स्टीव्ह स्मिथ बाद. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या. फलंदाज दोन पळाले, तिसरीसाठी पळताना डॅन ख्रिश्चन धावचीत झाला. मुंबई 129, पुणे 128. पुन्हा एका धावेनं. मी फोन केला तर त्यानं उचलला नाही. दुसऱ्या दिवशी मामींचा आला: “तो बोलणार नाही म्हणतोय. तूच ये रविवारी, आमरस आहे.”

पुणेकरांना त्या एका धावेची मोठी भरपाई पुढच्या मोसमात घेता आली असती. पण पुढचा मोसम नव्हता. दोन वर्षांची मुदत संपली, संघ गुंडाळला. 2018 मध्ये गहुंज्याच्या स्टेडियमवर भरगच्च गर्दी झाली ती पिवळ्या रंगाची. कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईनं आपले घरचे सामने पुण्याला हलवले होते आणि समर्थकांसाठी चेन्नईहून खास रेल्वेगाडी सोडली होती. पुण्याचं मैदान, तामिळ घोषणा. त्याच गोयंकांनी 2022 मध्ये लखनौचा संघ काढला आणि नाव ठेवलं लखनौ सुपर जायंट्स. झाशी जिल्ह्यातल्या समथरचा एखादा पोरगा आज लखनौच्या ज्या नावानं ओरडतो, ते नाव आधी पुण्याच्या छातीवर होतं. त्याला ते ठाऊक असायचं कारण नाही. पुण्यात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

संघ गेला की वैराचं काय होतं, याची उत्तम उदाहरणं अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये सापडतात. न्यूयॉर्कचे जायंट्स आणि डॉजर्स हे एकमेकांचे हाडवैरी. 1958 मध्ये दोघंही देशाच्या दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियाला गेले, एक सॅन फ्रान्सिस्कोला, दुसरा लॉस एंजेलिसला. गाव बदललं, पण दोघं जोडीनं गेले म्हणून वैर जसंच्या तसं तिथे रुजलं आणि आज ते कॅलिफोर्नियाचं वैर म्हणून ओळखलं जातं. उलट सॅन फ्रान्सिस्को आणि खाडीपलीकडचं ओकलंड. 1989 च्या अंतिम मालिकेत हे दोन शेजारी समोरासमोर आले. तेव्हा अर्धी एका संघाची, अर्धी दुसऱ्या संघाची अशी टोपी घालून फिरणारी माणसंही होती. घरात दोन पक्ष असले की असंच होतं. 17 ऑक्टोबरला तिसरा सामना सुरू होण्याआधी मोठा भूकंप झाला, मालिका दहा दिवस थांबली, आणि ओकलंडनं ती सरळ चार सामन्यांत जिंकली. तोच ओकलंडचा संघ 26 सप्टेंबर 2024 ला आपल्या गावात शेवटचा सामना खेळला आणि निघून गेला. आता सॅन फ्रान्सिस्कोवाल्यानं टोमणा मारायचा कुणाला?

जो संघ हरतो त्याचा समर्थक टिकतो. ज्याचा संघच उठून जातो त्यानं काय करावं? पुण्याचा समर्थक हा ओकलंडच्या समर्थकाचा सख्खा भाऊ. फुटबॉलमध्येही हेच झालं. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या वर्षी, 2014 मध्ये, मुंबई सिटीनं पुणे सिटीला 5-0 असं धुतलं, लीगमधली पहिली हॅटट्रिक त्याच सामन्यात झाली. बालेवाडीला पुण्याचे सामने व्हायचे, नारिंगी जर्सीची पोरं ढोल घेऊन यायची. 2019 मध्ये तोही क्लब बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादनं घेतली.

उरली कबड्डी. माझ्या मते मुंबई-पुणे वैराला खरं घर मिळालं ते इथेच, आणि ते योग्यही आहे. कारण क्रिकेट साहेबाचं, फुटबॉल साहेबाचं, हुतुतू मात्र आपलं. प्रो कबड्डी लीग 26 जुलै 2014 ला मुंबईत सुरू झाली. पहिल्याच सामन्यात यू मुंबानं जयपूरला 45-31 असं हरवलं. आठ संघांत दोन आपले: यू मुंबा आणि पुणेरी पलटण. नावांतच स्वभाव आहे. एकानं मुंबादेवीचं नाव घेतलं, दुसऱ्यानं फौज उभी केली.

कबड्डीत वैर जास्त चढतं याचं कारण खेळाच्या मोजमापात आहे. मैदान 13 मीटर बाय 10 मीटर, म्हणजे जरा मोठ्या मंगल कार्यालयाच्या स्टेजएवढं. चढाई तीस सेकंदांची. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो, गुण आणा नाहीतर बाहेर बसा. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड झाली, तर एकाऐवजी दोन गुण. त्यामुळे मागे पडलेल्या संघालाही दर अर्ध्या मिनिटाला आशा असते, आणि समर्थकाला तोंड बंद करायला वेळच मिळत नाही. क्रिकेटमध्ये दोन षटकांच्या मध्ये माणूस शेंगा सोलतो. कबड्डीत शेंगा हातातच राहतात. चढाईपटू बोनस रेषेवर पाय टाकतो, उजवा कोपरा घोट्यावर झेपावतो, सगळी साखळी अंगावर येते आणि तो त्या ढिगाऱ्यातून हात लांब करून मध्यरेषा शोधत असतो. बोट टेकलं की नाही, एवढ्या एका गोष्टीवर पाच हजार माणसं एकदम उभी राहतात.

सुरुवातीची वर्षं मुंबाची. पहिल्या तिन्ही मोसमांत अंतिम फेरी, त्यातलं 2015 चं विजेतेपद बंगळुरूला 36-30 असं हरवून. कर्णधार अनूप कुमार हरियाणाचा, पण मुंबईनं त्याला दत्तकच घेतलं होतं. पलटण पहिल्या दोन मोसमांत तळाच्या बाजूला धडपडत होती आणि मुंबईकर दया दाखवत होते, जी शिवीपेक्षा वाईट. पण इथे मालक पळाले नाहीत, संघ टिकला. मग भाऊबंदकीत जे होतं तेच झालं: इकडची माणसं तिकडे गेली. 2019 मध्ये अनूप कुमार पलटणचा प्रशिक्षक झाला. 2022 मध्ये मुंबाचा इराणी बचावपटू फजल अत्राचली 1 कोटी 38 लाखांना पुण्याकडे आला आणि पलटण पहिल्यांदा अंतिम फेरीत पोचली. तो सामना मुंबईत झाला. जयपूरनं तो 33-29 असा जिंकला. 1 मार्च 2024 ला हैदराबादेत, त्याच गावात जिथे 2017 ची एक धाव कमी पडली होती, अस्लम इनामदारच्या पलटणनं हरियाणाला 28-25 असं हरवलं. पलटणचं ते पहिलं विजेतेपद. मामेभावाचा फोन रात्री साडेअकराला आला. नुसतं “जेवलास का?” विचारलं आणि ठेवून दिला.

दोन्ही बाजूंचे खेळाडू राज्याच्या संघात एकत्र येतात हेही विसरू नये. जानेवारी 2018 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत सेनादलाला हरवून महाराष्ट्रानं अकरा वर्षांनी विजेतेपद आणलं, तेव्हा कर्णधार मुंबाच्या माती-मॅटवर घडलेला रिशांक देवाडिगा होता. त्या दिवशी टाळ्या घाटाच्या दोन्ही बाजूंना वाजल्या.

आता एक तक्रार. 2025 च्या मोसमाचे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चार शहरांत झाले. मुंबईत एकही नाही, पुण्यात एकही नाही. ज्या मातीतून हा खेळ वर आला तिथल्या समर्थकांनी मुंबा-पलटणची महाडर्बी टीव्हीवर पाहायची, हे बरं नव्हे. पलटण त्या मोसमातही अंतिम फेरीत गेली आणि दिल्लीकडून 31-28 अशी हरली. नाहीतर हिशेब पुण्याच्या बाजूला झुकला असता. आजचा हिशेब असा: कबड्डीची विजेतेपदं, मुंबई एक, पुणे एक.